विवरणपत्रातील चूक कशी सुधारावी? आधी पाहा, चूक कोणाची आणि मुदत किती

प्रतिनिधी, गोंडपिपरी

प्राप्तिकराचे विवरणपत्र एकदा दाखल झाले की त्यातील चूक कायमची राहिली, असा समज नोकरदार वर्गात अजूनही आढळतो. त्यामुळे चूक लक्षात आल्यावरही अनेक करदाते गप्प बसतात आणि विभागाची सूचना हाती पडल्यावरच धावाधाव सुरू होते. वस्तुत: प्राप्तिकर कायदा, १९६१ मध्ये चूक सुधारण्याचे एक नव्हे तर अनेक मार्ग आहेत. मात्र प्रत्येक मार्गाची मुदत निराळी आहे आणि एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. सुधारित विवरणपत्राची गरज असताना दुरुस्ती अर्ज केला तर तो फेटाळला जातो आणि दरम्यान सुधारित विवरणपत्राची मुदतही निघून जाते. कर चुकविण्याचा हेतू नसलेल्या माणसाचे सर्वाधिक नुकसान नेमके येथेच होते.

चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारीमार्गे आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गोंडपिपरी हे तालुक्याचे ठिकाण धानशेती आणि जंगल यांच्या मधोमध वसले आहे. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक, वन, महसूल व आरोग्य विभागांचे कर्मचारी, बँक कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक आणि छोटे व्यापारी हा अशा तालुक्यांतील मुख्य करदाता वर्ग. घरची शेती, थकबाकीचे हप्ते, मुदत ठेवींचे व्याज आणि वनोपजाचा व्यवहार यांमुळे त्यांच्या विवरणपत्रांत होणाऱ्या चुकाही ठरावीक स्वरूपाच्या असतात. चंद्रपूर, गडचिरोलीतून नागपूर, पुण्यात स्थायिक झालेल्या, पण गावी शेती असलेल्या वाचकांनाही त्या लागू पडतात.

हमखास होणाऱ्या चुका

पहिली चूक शेतीच्या उत्पन्नाची. शेतीवर कर नाही, म्हणून ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचेच नाही, असे अनेक जण धरून चालतात. कलम १०(१) नुसार शेती उत्पन्न करमुक्त आहे हे खरे. पण ते ५,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तर आयटीआर-१ हा सोपा नमुना वापरता येत नाही. शिवाय अन्य उत्पन्न करपात्र मर्यादेबाहेर असेल तर कराचा दर ठरविताना शेती उत्पन्न हिशेबात घेतले जाते. उदाहरणार्थ, आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये नव्या करप्रणालीनुसार एखाद्या शिक्षकाचे करपात्र उत्पन्न ८ लाख रुपये आणि धानाचे निव्वळ उत्पन्न १ लाख रुपये असेल, तर आधी ९ लाखांवरील कर काढायचा. तो ४०,००० रुपये येतो. त्यातून ३ लाखांची मूळ करमुक्त मर्यादा अधिक १ लाख, म्हणजे ४ लाखांवरील ५,००० रुपये वजा करायचे. कर ३५,००० रुपये झाला. शेती उत्पन्न दाखविले नसते तर तो ३०,००० रुपये आला असता. उपकरासह हा फरक ५,२०० रुपयांचा आहे. शेतीवर कर नसूनही ही रक्कम देय ठरते.

दुसरी चूक वनोपजाची. तेंदूपाने, मोहफुले किंवा नैसर्गिकरीत्या वाढलेला बांबू यांच्या व्यवहारातील उत्पन्न शेती म्हणून दाखविण्याकडे काहींचा कल असतो. मात्र, जमिनीची मशागत, पेरणी यांसारखी मूलभूत कामे न करता आपोआप उगवलेल्या वनातील उत्पन्न हे शेती उत्पन्न नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजा बिनॉय कुमार सहस रॉय प्रकरणात १९५७ मध्येच स्पष्ट केले आहे. तेंदूपाने किंवा लाकूड विकत घेताना विक्रेता खरेदीदाराकडून मूळ स्रोतावर कर गोळा करतो. हा कर भरूनही त्याची वजावट विवरणपत्रात घ्यायची राहून जाणे, ही छोट्या व्यापाऱ्यांची नेहमीची चूक होय.

तिसरी चूक गैरसमजातून होते. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना कलम १०(२६) खाली मिळणारी करमुक्ती आपल्याकडेही लागू आहे, असे काहींना वाटते. ती सवलत संविधानाच्या सहाव्या अनुसूचीतील क्षेत्रे, ईशान्येकडील काही राज्ये आणि लडाख येथील रहिवाशांसाठी आहे. गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग आणि चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावे पाचव्या अनुसूचीत मोडतात. त्यामुळे येथील करदात्यांना ती मिळत नाही. भत्त्यांचेही तसेच आहे. राज्य शासनाच्या ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयानुसार आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता मिळाला. परंतु प्राप्तिकर नियम २बीबी मध्ये आदिवासी क्षेत्र भत्त्याला दरमहा २०० रुपयांची जी सूट होती, तिच्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचे नाव नव्हते. हा भत्ता करमुक्त म्हणून वजा केला असेल तर ती चूकच ठरते.

चौथी चूक थकबाकीची. वेतनाची थकबाकी एकाच वर्षी हाती पडल्याने कर वाढतो, तेव्हा कलम ८९ खाली दिलासा मिळतो. मात्र त्यासाठी विवरणपत्राच्या आधी पोर्टलवर नमुना १०ई भरणे आवश्यक आहे. कार्यालयाने नमुना १६ मध्ये दिलासा दाखविला, करदात्याने तो विवरणपत्रातही घेतला, पण १०ई भरलाच नाही, तर प्रक्रिया करताना तो दिलासा नाकारला जातो आणि कराची मागणी निघते.

पाचवी आणि सर्वांत सामान्य चूक व्याजाची. जिल्हा बँक, टपाल कार्यालय आणि राष्ट्रीयीकृत बँक अशा तीन ठिकाणी ठेवी असतात. नमुना १६ मध्ये मात्र केवळ वेतन असते. नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध झालेल्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, व्याजाच्या नोंदी विभागाकडे पोहोचलेल्या असतात. विवरणपत्र आणि एआयएस यांत तफावत दिसली की विचारणा होते.

पहिला प्रश्न : चूक कोणाची?

चूक लक्षात येताच पोर्टल उघडण्यापूर्वी तीन कागद शेजारी ठेवावेत. दाखल केलेले विवरणपत्र, नमुना २६एएस व एआयएस, आणि प्रक्रिया पूर्ण झाली असल्यास कलम १४३(१) खालील सूचनापत्र. सूचनापत्रात दोन रकाने असतात. एकात करदात्याने दिलेले आकडे, दुसऱ्यात विभागाने काढलेले आकडे. कोणत्या ओळीत फरक पडला हे पाहिले की चूक कोणाची, ते उमगते.

उत्पन्न, वजावट किंवा नमुना निवडण्यात करदात्याची चूक असेल तर विवरणपत्रच बदलावे लागते. विवरणपत्र बरोबर असून बंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राने आकडा चुकीचा घेतला असेल तर दुरुस्ती अर्ज करावा लागतो. कार्यालयाने किंवा बँकेने कापलेला कर चुकीच्या पॅनवर भरला असेल तर दुरुस्ती त्या कार्यालयाने किंवा बँकेने करायची असते. एआयएसमधील नोंदच चुकीची असेल तर तेथेच अभिप्राय नोंदविण्याची सोय आहे.

पडताळणी बाकी असेल तर

विवरणपत्र दाखल केले, पण आधार ओटीपीने किंवा अन्य प्रकारे पडताळणी केली नाही, अशा स्थितीत चूक सापडली तर सर्वांत सोपा मार्ग उपलब्ध असतो. कर निर्धारण वर्ष २०२३-२४ पासून पोर्टलवर ‘डिस्कार्ड’ हा पर्याय आला आहे. त्याद्वारे पडताळणी न झालेले विवरणपत्र रद्द करून नव्याने भरता येते. मात्र मूळ मुदत संपल्यानंतर असे केले, तर नवे विवरणपत्र विलंबित ठरून विलंब शुल्क लागू शकते. पडताळणीसाठी दाखल केल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे, हेही ध्यानात ठेवावे.

सुधारित विवरणपत्र

पडताळणी झाली असेल तर कलम १३९(५) खालील सुधारित विवरणपत्र हा मुख्य मार्ग होय. राहिलेले उत्पन्न, विसरलेली वजावट, चुकीचा नमुना, चुकीचे बँक खाते या सर्वांची दुरुस्ती यातून होते. कर वाढत असो वा परतावा वाढत असो, दोन्ही बाबतींत हा मार्ग चालतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. मुदतीत ते एकाहून अधिक वेळाही भरता येते. मूळ विवरणपत्र विलंबित असले तरी कर निर्धारण वर्ष २०१७-१८ पासून त्याची सुधारणा करता येते. त्यापूर्वी ही सोय नव्हती.

आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात ठरावीक शुल्क भरून ही मुदत ३१ मार्चपर्यंत नेण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. म्हणून २०२५-२६ च्या उत्पन्नाच्या विवरणपत्रासाठी शेवटची तारीख आणि शुल्क पोर्टलवर पाहून घेणे हिताचे. करनिर्धारण त्याआधीच पूर्ण झाले तर मुदतही तेथेच संपते. मात्र कलम १४३(१) चे सूचनापत्र म्हणजे करनिर्धारण नव्हे. सूचनापत्र आले, एवढेच नव्हे तर परतावा खात्यात जमा झाला, तरी मुदत शिल्लक असल्यास सुधारित विवरणपत्र भरता येते. ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते.

कृती अशी. पोर्टलवर प्रवेश करून ‘ई-फाइल’मधून विवरणपत्राचा पर्याय घ्यावा. कर निर्धारण वर्ष निवडावे आणि प्रकार म्हणून कलम १३९(५) निवडावे. मूळ विवरणपत्राचा १५ अंकी पोचपावती क्रमांक आणि दाखल केल्याची तारीख द्यावी. त्यानंतर केवळ चुकलेली ओळ नव्हे, तर संपूर्ण विवरणपत्र पुन्हा भरावे. कारण सुधारित विवरणपत्र मूळ विवरणपत्राची जागा घेते. आधी बरोबर भरलेली एखादी वजावट या वेळी राहून गेली तर ती गेलीच, असे समजावे. कर वाढत असेल तर तो आधी भरून चलनाचा तपशील नोंदवावा. शेवटी पडताळणी करण्यास विसरू नये.

‘सदोष’ अशी सूचना आल्यास

धानाचे मोठे उत्पन्न असताना आयटीआर-१ भरला, व्यवसाय असताना वेतनदाराचा नमुना वापरला, किंवा कापलेल्या कराची वजावट घेतली पण ते उत्पन्न दाखविले नाही, तर कलम १३९(९) खाली विवरणपत्र सदोष असल्याची सूचना येऊ शकते. उत्तरासाठी १५ दिवस मिळतात. मुदतवाढ मागता येते. ही शिक्षा नसून दोष दूर करण्याची संधी आहे. परंतु उत्तरच दिले नाही तर विवरणपत्र अवैध ठरते, म्हणजे ते भरलेच नव्हते असे मानले जाते. ई-मेल न पाहणाऱ्या किंवा सेवा केंद्रचालकाचा मोबाइल क्रमांक नोंदविलेल्या करदात्यांना याचा फटका बसतो. पोर्टलवर स्वत:चाच क्रमांक व ई-मेल असावा.

दुरुस्ती अर्ज : कलम १५४

सूचनापत्रात स्पष्ट दिसणारी चूक असेल तर कलम १५४ खाली ऑनलाइन अर्ज करता येतो. भरलेल्या चलनाची नोंद न घेणे, २६एएसमध्ये दिसणाऱ्या कराचे श्रेय न देणे, बेरजेतील चूक ही त्याची उदाहरणे. आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला त्याच्या अखेरीपासून चार वर्षांपर्यंत ही दुरुस्ती होऊ शकते आणि अर्ज मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत त्यावर निर्णय अपेक्षित असतो.

या मार्गाची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये व्होल्कार्ट ब्रदर्स या मुंबईच्या प्रकरणात आखून दिली. चूक उघड आणि निर्विवाद हवी. ज्यासाठी लांबलचक युक्तिवाद करावा लागतो, ती ‘अभिलेखावरून दिसणारी चूक’ नव्हे. त्यामुळे विमा हप्त्याची विसरलेली वजावट दुरुस्ती अर्जाने मिळत नाही. ती सुधारित विवरणपत्रातूनच मागावी लागते. १०ई न भरल्याने दिलासा नाकारला गेला असेल, तर मुदत असेपर्यंत १०ई भरून सुधारित विवरणपत्र दाखल करणे श्रेयस्कर. मुदत संपल्यावर १०ई भरून दुरुस्ती अर्ज करता येतो, पण तो मान्य होईलच अशी खात्री नसते. विभागाचा निष्कर्षच मान्य नसेल तर सूचनापत्राविरुद्ध ३० दिवसांत अपील करण्याचा मार्ग वेगळा आहे.

कापलेला कर दिसत नसेल तर

वेतनातून कर कापला गेला, वेतनचिठ्ठीत तो दिसतो, पण २६एएसमध्ये नोंद नाही, अशी तक्रार शासकीय कर्मचाऱ्यांमध्ये वारंवार ऐकू येते. कारण बहुधा तिमाही विवरणात चुकीचा पॅन किंवा चुकीची रक्कम नोंदविली जाणे हे असते. येथे करदात्याने विवरणपत्र बदलून उपयोग नाही. आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून सुधारित तिमाही विवरण भरण्याची विनंती करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. त्या सुधारणेलाही मुदत असल्याने उशीर करू नये. नोंद दुरुस्त झाली की करदात्याने दुरुस्ती अर्ज करून विवरणपत्राची फेरप्रक्रिया मागावी.

दरम्यान विभागाकडून मागणी आली तर घाबरून ती रक्कम दुसऱ्यांदा भरू नये. वेतनातून कर कापला गेला असेल, तर तोच कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून मागता येत नाही, असे कलम २०५ सांगते. मालकाने कापलेला कर सरकारजमा केला नसला तरी कर्मचाऱ्याकडून वसुली होऊ शकत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला आहे. पोर्टलवरील मागणीला असहमती नोंदवून वेतनचिठ्ठ्या व नमुना १६ जोडावा.

मुदत संपल्यानंतर : अद्ययावत विवरणपत्र

सुधारित विवरणपत्राची मुदत संपली आणि उत्पन्न दाखवायचे राहिले असेल, तर २०२२ मध्ये कलम १३९(८ए) खाली आणलेल्या अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. प्रारंभी त्यासाठी कर निर्धारण वर्ष संपल्यापासून २४ महिने होते. १ एप्रिल २०२५ पासून ते ४८ महिने झाले. मात्र त्याला किंमत मोजावी लागते. देय कर आणि व्याज यांच्या एकूण रकमेवर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, त्यानंतर अनुक्रमे ५०, ६० आणि ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो.

उदाहरण पाहू. एका कर्मचाऱ्याचे २०२४-२५ चे करपात्र उत्पन्न नव्या प्रणालीनुसार ११ लाख रुपये होते व त्यावरील कर वेतनातून पूर्ण कापला गेला. मुदत ठेवींचे ६०,००० रुपये व्याज आणि त्यावर बँकेने कापलेला ६,००० रुपये कर, दोन्ही दाखवायचे राहिले. या व्याजावर १५ टक्के दराने ९,००० रुपये व उपकर ३६० रुपये, म्हणजे ९,३६० रुपये कर होतो. बँकेने कापलेले ६,००० वजा जाता ३,३६० रुपये उरतात. सुधारित विवरणपत्र मुदतीत भरले असते तर एवढ्यावरच भागले असते. अद्ययावत विवरणपत्र ३१ मार्च २०२७ पर्यंत भरल्यास एकूण ४,२०० रुपये, त्यापुढील वर्षी ५,०४०, नंतर ५,३७६ आणि चौथ्या वर्षी ५,७१२ रुपये द्यावे लागतील. उत्पन्न तेच, चूक तीच. रक्कम मात्र उशिराबरोबर वाढत जाते.

हा मार्ग एका वर्षासाठी एकदाच वापरता येतो. परतावा मिळविण्यासाठी किंवा वाढवून घेण्यासाठी तो नाही. छापा किंवा करनिर्धारणाची कार्यवाही सुरू झाल्यावर तो साधारणत: बंद होतो. विभागाची नोटीस येण्यापूर्वी त्याचा लाभ घेण्यातच शहाणपण आहे.

परतावा राहून गेला असेल तर

विवरणपत्रच भरले नाही आणि कापलेला कर विभागाकडे अडकला, किंवा आजारपणासारख्या कारणाने मुदत चुकली, अशा स्थितीत कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफ करण्याची विनंती करता येते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत असा अर्ज करावा लागतो. एक कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांवर निर्णयाचा अधिकार प्रधान आयुक्तांना आहे. खरीखुरी अडचण होती हे कागदपत्रांनिशी दाखवावे लागते. ‘माहीत नव्हते’ एवढे कारण पुरेसे ठरणे कठीण.

दुसऱ्याने केलेली ‘चूक’

चुकांचा आणखी एक प्रकार अधिक गंभीर आहे. परतावा मिळवून देतो, असे सांगून ठरावीक टक्के घेणारे मध्यस्थ अनेक शहरांत व तालुक्यांत फिरतात. न दिलेल्या देणग्या, न भरलेले घरभाडे, नसलेले शैक्षणिक कर्ज दाखवून ते परतावा काढतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने अशा खोट्या वजावटींच्या संदर्भात देशभरात दीडशेहून अधिक ठिकाणी पडताळणी केली. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वत:हून विवरणपत्रे अद्ययावत करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने तेव्हा जाहीर केले.

विवरणपत्र कोणीही भरलेले असो, जबाबदारी करदात्याचीच असते. उत्पन्न कमी दाखविल्यास कलम २७०ए खाली कराच्या ५० टक्के, तर खोटी माहिती दिल्यास २०० टक्के दंडाची तरतूद आहे. म्हणून आपल्या नावाने कोणती वजावट दाखविली गेली आहे, हे प्रत्येकाने पोर्टलवरून विवरणपत्र उतरवून स्वत: पाहावे. खोटा दावा आढळल्यास मुदत असेल तर सुधारित, नसेल तर अद्ययावत विवरणपत्र भरून तो मागे घ्यावा. मध्यस्थाने घेतलेली टक्केवारी परत मिळत नाही, पण दंडाचा धोका टळू शकतो.

न्यायालयांची भूमिका

प्रामाणिक चुकीकडे न्यायालयांनी सहानुभूतीने पाहिले आहे. प्राइस वॉटरहाऊस कूपर्स प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नजरचुकीने झालेल्या चुकीबद्दलचा दंड रद्द केला. नवीन वजावट करनिर्धारण अधिकाऱ्यापुढे केवळ सुधारित विवरणपत्रातूनच मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने गोएत्झे प्रकरणात २००६ मध्ये म्हटले होते. परंतु अपिलात असा दावा विचारात घेता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने पृथ्वी ब्रोकर्स प्रकरणात २०१२ मध्ये स्पष्ट केले. करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अधिकाऱ्यांनी घेऊ नये आणि त्याला मिळणाऱ्या सवलतींबाबत साह्य करावे, असे मंडळाचे ११ एप्रिल १९५५ चे परिपत्रक सांगते. त्याचा आधार न्यायालयांत आजही घेतला जातो.

चूक यंत्रणेची असू शकते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. ५ जुलै २०२४ नंतर पोर्टलच्या सुविधेत बदल झाल्याने नव्या प्रणालीतील काही करदात्यांना विशेष दराच्या उत्पन्नावर कलम ८७ए खालील सवलत मागताच येईना. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी मुदत वाढविण्याचे निर्देश दिले. त्यानुसार त्या वर्षीच्या सुधारित व विलंबित विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. २४ जानेवारी २०२५ च्या अंतिम निकालात करदात्याला दावा मांडण्यापासून संगणकीय सुविधेने रोखता कामा नये, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून मात्र विशेष दराच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत ही सवलत नाही, असे कायद्यातच स्पष्ट करण्यात आले.

नव्या कायद्यात काय?

प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असून त्यात ‘कर निर्धारण वर्ष’ऐवजी ‘कर वर्ष’ ही संज्ञा आहे. कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. मात्र आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी जुन्या कायद्यातीलच कलमे लागू राहतात. त्यामुळे मागील वर्षांची चूक सुधारताना वर दिलेले क्रमांकच उपयोगी पडतील.

लक्षात ठेवण्याजोगे

- विवरणपत्र भरण्यापूर्वी २६एएस आणि एआयएस तपासावे. सूचनापत्र आल्यावर दोन्ही रकाने पडताळावेत.
- शेती उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास आयटीआर-१ भरू नये. सातबारा, धान विक्रीच्या पावत्या आणि खर्चाच्या नोंदी जपाव्यात.
- थकबाकी मिळाली असल्यास आधी १०ई, मग विवरणपत्र.
- पॅन आधारशी जोडलेला आणि परताव्याचे बँक खाते पोर्टलवर पडताळलेले असावे. अन्यथा मंजूर परतावाही अडकतो.
- जुनी करप्रणाली निवडायची असेल तर विवरणपत्र मूळ मुदतीतच भरावे. विलंबित विवरणपत्रात व्यक्तिगत करदात्याला जुनी प्रणाली घेता येत नाही.
- पोर्टलचा पासवर्ड सेवा केंद्रावर किंवा मध्यस्थाकडे ठेवू नये. पोचपावती, चलने व पत्रव्यवहाराच्या प्रती स्वत:कडे ठेवाव्यात.

विभागाचे मदत क्रमांक १८०० १०३ ००२५ आणि १८०० ४१९ ००२५ हे नि:शुल्क आहेत. रक्कम मोठी असेल, नोटीस आली असेल किंवा व्यवसायाचे उत्पन्न असेल तर सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. त्यासाठी चंद्रपूर किंवा नागपूरचा एक फेरा करावा लागला तरी तो दंडापेक्षा स्वस्त पडतो. एखादे व्याज किंवा एखादी वजावट राहिली असेल, तर पोचपावती क्रमांक आणि आधारशी जोडलेला मोबाइल एवढ्यावर घरबसल्याही दुरुस्ती होऊ शकते. मात्र चूक सापडल्याच्या दिवशीच मुदतीची तारीख पाहून ठेवावी.